पाटल्या गहाण ठेवून सीझन विकत घेऊ नकोस

तुझा प्रश्न मी तीनदा वाचला. वय २४, घर भांडुपला, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, बाबा बेस्टमध्ये ड्रायव्हर. मोटरसायकल रेसिंगच्या वन-मेक क्लासमध्ये, म्हणजे सगळ्यांना एकसारखीच गाडी असते त्या वर्गात, चार सीझन काढलेस, मागच्या वर्षी एकदा तिसरा आलास, आणि शेवटच्या राउंडला हायसाइड होऊन, म्हणजे गाडीने वर फेकून दिल्याने, डाव्या कॉलरबोनला प्लेट बसली, उजव्या मनगटातल्या स्कॅफॉइडला स्क्रू. हात प्लास्टरमध्ये असतानाच टीमचा मेसेज आला की तुझी सीट, म्हणजे टीमच्या गाडीवरची जागा, एका सतरा वर्षांच्या मुलाला दिली आहे. आता स्वतःच्या खर्चाने उतरायचं तर सहा लाख लागतात. त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण आणि वर पर्सनल लोन, असं तू जवळजवळ ठरवून टाकलं आहेस. आणि मला विचारतोस, "दादा, हा नेहमीचा चढउतार आहे की माझं करिअर संपलं?"

करिअर संपलेलं नाही. पण या वर्षी तू रेसला उतरायचं नाहीस, आणि घरातलं एक गुंजभर सोनंही हलवायचं नाही. आता कारणं सांगतो.

मी लालबागच्या चाळीत वाढलो. बाबा गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर ते पुन्हा कामावर गेलेच नाहीत. दहावी झाल्यावर मी माझगावच्या एका गॅरेजात हाताखाली लागलो आणि १९९४ साली, तिथल्या मालकाने तयार केलेल्या आरएक्स १०० वर, पहिल्यांदा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर रेस केली. चेन्नईला तेव्हा मद्रासच म्हणत आणि ट्रॅक उघडून चारच वर्षं झाली होती. पुढची पाच वर्षं बरी गेली. १९९९ च्या सुरुवातीला टीमने एका फोनवर मला मोकळं केलं. मी पतपेढीतून ८० हजार काढले, मामा जामीन राहिला, आणि स्वतःच्या गाडीवर उतरलो. तिसऱ्या राउंडला सरळ पट्ट्यावर पिस्टन सीझ झाला. कर्ज फेडायला सहा वर्षं लागली. धाकट्या बहिणीचं लग्न त्यापायी दोन वर्षं लांबलं. ती एका शब्दाने कधी बोलली नाही, म्हणूनच ते अजून मनातून जात नाही.

पिस्टन सीझ झाला त्यात नशिबाचा काही भाग नव्हता. टू-स्ट्रोकमध्ये मिक्श्चर पातळ ठेवलं की गाडी थोडी जास्त पळते, पण इंजिन तापतं, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला धरतो. हे मला झोपेतही ठाऊक होतं. टीमच्या गाडीच्या कार्ब्युरेटरला मी तसा लहान जेट कधीच लावला नसता. पण हप्ता डोक्यावर होता, तिसऱ्या राउंडला काहीतरी करून दाखवायलाच हवं होतं. त्याआधीच्या दोन राउंडला उलटंच झालं होतं. सी-वनला, म्हणजे ट्रॅकच्या पहिल्या कॉर्नरला, शिरताना पडलो तर फेअरिंग, लिव्हर, फूटपेग मिळून किती होतील याचा हिशेब चालायचा आणि ब्रेक लवकर लागायचा. म्हणजे आधी भीतीने हळू आणि नंतर घाईने वेडा. कर्जावर रेस करणाऱ्या मुलांमध्ये हे दोन्ही मी पुढे पंचवीस वर्षं बघत आलो आहे. तू म्हणशील, माझं डोकं थंड आहे. माझंही होतं.

आता तुझं मनगट. कॉलरबोनची मला तेवढी काळजी नाही, आमच्यात ते हाड न मोडलेला माणूस शोधावा लागतो. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या असेनला मोटोजीपीचा, म्हणजे मोटरसायकल रेसिंगच्या सर्वोच्च जागतिक वर्गाचा, रायडर होर्हे लोरेन्झो याचं कॉलरबोन गुरुवारी मोडलं. तो विमानाने बार्सिलोनाला गेला, प्लेट बसवून परत आला आणि शनिवारी रेसमध्ये पाचवा आला. ही गोष्ट पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागे टीम उतरतात त्या आवारात, सगळे छाती पुढे काढून सांगतात. दोनच आठवड्यांनी जर्मनीत तो पुन्हा पडला, ती प्लेट वाकली आणि दुसरं ऑपरेशन झालं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. त्या वर्षीचं विजेतेपद त्याच्या हातून चार गुणांनी गेलं.

स्कॅफॉइड हे अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात बसलेलं काजूच्या आकाराचं छोटं हाड. त्याला रक्त येतं ते बोटांकडच्या टोकाने, आणि तिथून मागे सरकत कोपराकडच्या भागाला पोचतं. मधे मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो. म्हणून ते इतर हाडांपेक्षा खूप सावकाश भरतं, कधी कधी भरतच नाही, आणि वरून हात चांगला वाटत असतो. दुखत नाही म्हणजे जुळलं, असं या हाडाच्या बाबतीत धरता येत नाही. नुसत्या एक्स-रेवरही विसंबू नकोस. सर्जनला सरळ विचार की सीटी स्कॅनवर हाड पूर्ण जुळलेलं दिसतं का. तुझं हे उजवं मनगट आहे, म्हणजे थ्रॉटल आणि पुढचा ब्रेक. जोरात ब्रेक मारतोस तेव्हा तुझ्या अंगाचा बराचसा भार त्याच काजूवर येतो.

मोटोजीपीच्या मार्क मार्केझचं तुला माहीतच असेल, पण तारखा नीट बघ. १९ जुलै २०२० ला स्पेनमधल्या हेरेझला त्याच्या उजव्या दंडाचं हाड मोडलं, दोन दिवसांनी प्लेट बसली, आणि पुढच्या शनिवारी तो पुन्हा गाडीवर होता. तो प्रयत्न सोडून द्यावा लागला, काही दिवसांनी घरी प्लेटच निकामी झाली. त्या दंडाची एकूण चार ऑपरेशनं झाली, शेवटचं २०२२ मध्ये. पुढचं विजेतेपद यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. त्याच्या मागे जगातले उत्तम डॉक्टर होते, पैसा होता, सीट राखून ठेवणारी टीम होती. तुझ्यामागे यातलं काय आहे?

आणि ऑस्ट्रेलियाचा रायडर मिक डूहन. १९९२ मध्ये असेनला त्याचा उजवा पाय मोडला आणि पाय कापायची वेळ जवळजवळ आली होती. त्या वर्षीचं विजेतेपदही थोडक्यात गेलं. घोटा पुढे नीट वळेना, मागचा ब्रेक दाबता येईना. तेव्हा त्याच्यासाठी डाव्या हँडलवर अंगठ्याने चालवायचा ब्रेक बसवला. १९९४ ते १९९८ सलग पाच वेळा तो विश्वविजेता झाला. माझ्या गॅरेजात येणाऱ्या पोरांना मी हे नेहमी सांगतो, कारण त्यात नुसती जिद्द नाही, त्यात मेकॅनिकचं डोकं आहे. तुझं मनगट शंभर टक्के पूर्वीसारखं झालं नाही तर लिव्हरचा कोन, अंतर, ग्रिपची जाडी, क्लिप-ऑनची, म्हणजे दोन सुट्या हँडलांची, ठेवण, सगळं बदलता येतं. पण ते शांतपणे, वेळ घेऊन. उसन्या पैशावर घेतलेल्या दोन दिवसांच्या प्रॅक्टिसमध्ये ते जमत नाही.

हायसाइडनंतर मनात काय राहतं तेही बोलू. लोसाइडमध्ये गाडी खाली बसते, आपण मागोमाग घसरत जातो, लेदर घासतं, बहुतेकदा उठून उभं राहता येतं. हायसाइडला मागचा टायर आधी सुटतो, आपण दचकून थ्रॉटल बंद करतो, टायर एकदम पकडतो आणि गाडी आपल्याला वर फेकते. शरीर हे विसरत नाही. पुढच्या वेळी कॉर्नरमधून बाहेर पडताना हात आपोआप थ्रॉटल उशिरा उघडतो. ताशी १५० च्या वेगात सेकंदाचा दहावा भाग म्हणजे जवळपास चार मीटर, आणि एका लॅपला अशा बारा जागा. तुला वाटेल गाडी चालत नाही, इंजिन कमी पडतंय. खरं म्हणजे तुझा हात थांबलेला असतो. यावर मातीसारखं औषध नाही. जुनी शंभर-दीडशे सीसीची गाडी घेऊन मोकळ्या मातीच्या मैदानात गोल गोल फिरायचं, मागचं चाक दिवसातून शंभर वेळा मुद्दाम सोडायचं, दर वेळी थ्रॉटल बंद न करता धरायचं. तिथे पडलास तर गुडघा खरचटेल. पुणे, नाशिककडे मातीवर चालवणारी मंडळी बरीच आहेत, त्यांच्यात जा. हे मनगट जुळल्यावर, त्याआधी नाही.

टीमने तुला का सोडलं यावर तू फार रात्री जागवल्या आहेस असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. मेसेजवर कळवलं हे वाईटच केलं, मला ते मुळीच पटत नाही. पण त्यात तुझ्या लायकीचा निकाल शोधू नकोस. सतरा वर्षांच्या पोराला आशियाई पातळीवर न्यायला टीमकडे तीन-चार वर्षं असतात, तुझ्या बाबतीत तेवढी नाहीत. आणि या धंद्यात सीट फक्त रायडरचीच जाते असं नाही. आपल्या मुंबईचीच महिंद्रा बघ. २०११ मध्ये ती ग्रांप्रीत, म्हणजे जागतिक अजिंक्यपदाच्या रेसिंगमध्ये, उतरली. २०१६ मध्ये असेनला फ्रान्चेस्को बान्यायाने महिंद्राच्या गाडीवर मोटो-थ्रीची, म्हणजे त्यातल्या लहान इंजिनांच्या वर्गाची, रेस जिंकली. तोच पुढे २०२२ आणि २०२३ ला मोटोजीपीचा विश्वविजेता झाला. पण महिंद्रा २०१७ च्या शेवटी बाहेर पडली होती. जिंकणाऱ्या गाडीचा अख्खा कार्यक्रम कंपनीच्या एका निर्णयाने बंद होतो, तिथे तुझ्यामाझ्या सीटचं काय? मोटोजीपी भारतात आली तीही २०२३ च्या सप्टेंबरात, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, आणि ती एकच वेळ ठरली. त्या आठवड्यात किती मुलांनी मला फोन करून नोकरी सोडतो म्हणून सांगितलं होतं! त्यातल्या दोघांना मी थांबवू शकलो.

रायडर बहुतेक करून ट्रॅकवर मोडत नाही. सीझन नसलेल्या महिन्यांत मोडतो. त्यात मुंबईचा रायडर जास्त, कारण आपल्याकडे ट्रॅक नाही. कोइम्बतूरच्या पोराला २.१ किलोमीटरचा कारी ट्रॅक घराजवळ आहे, चेन्नईच्या पोराला ३.७ किलोमीटरचा ट्रॅक तासाभरावर. तो नुसता जाऊन पिटवॉलवर बसला तरी चार गोष्टी शिकतो. आपण भांडुपहून निघून रात्रभर आणि दिवसभर गाडीत बसायचं, दोन दिवस चालवायचं आणि परत. मग मधल्या दिवसांत हात शिवशिवतो आणि कोणीतरी म्हणतं, आज रात्री बीकेसीला ये, पाम बीचला ये. गेलास तर तुझं माझं नातं संपलं. हे मी रागाने म्हणत नाही. त्या रस्त्यांवर रनऑफ, म्हणजे घसरलो तर थांबायला मोकळी जागा, नाही, मार्शल नाही, रुग्णवाहिका उभी नाही, आणि समोरून येणारा रिक्षावाला तुझ्या रेसमध्ये भाग घ्यायला आलेला नाही. कायद्याने पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. पण ते बाजूला ठेव. माझ्याबरोबर गॅरेजात काम शिकलेला एक मुलगा रिक्लेमेशनला गेला तो परत आलाच नाही. त्याच्या आईला निरोप द्यायला मी गेलो होतो.

तर हे वर्ष कसं काढायचं? स्पर्धेचं लायसन्स रिन्यू कर, रेस करायची नसली तरी. तुझ्याकडे डिप्लोमा आहे, हात चालू झाला की कुठल्या तरी टीमकडे मेकॅनिक म्हणून जा. पैसे थोडेच मिळतील, प्रवास आणि जेवण सुटेल. पॅडॉकमध्ये उभा राहा. सीझनच्या मध्यावर कोणीतरी पडतोच, कोणाची तरी परीक्षा निघते, कोणाचे वडील पैसे देणं थांबवतात. तेव्हा टीम मॅनेजर शनिवारी संध्याकाळी आजूबाजूला बघतो, आणि लायसन्स, लेदर आणि जुळलेलं हाड घेऊन जो समोर उभा असतो त्याला गाडी मिळते. २००१ मध्ये मला दुसऱ्यांदा सीट मिळाली ती अशीच. पुढची दोन वर्षं ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दोन वर्षं होती, आणि त्यातला एक रुपयाही मी घातला नव्हता.

दुसरं, तुझे चार वर्षांचे लॅप टाइम काढून बस. तू मला तुझा सर्वांत वेगवान लॅप लिहून पाठवलास. मॅनेजर तो बघत नाही. दहा लॅपमध्ये पहिला आणि दहावा किती जवळ आहेत, ते बघतो. दहाच्या दहा तीन दशांशात बसवणारा, थोडा हळू असला तरी, त्याला परवडतो. एक लॅप झकास आणि चौथ्या लॅपला खडीत, असा रायडर त्याला महाग पडतो. तुझ्या तिसऱ्या क्रमांकाच्या रेसमध्ये शेवटचे चार लॅप कसे होते ते मला सांग. मला त्यात जास्त रस आहे.

सायकल चालवायला आरे किंवा येऊरला पहाटे जा, पोहायला मुलुंडला. जिममध्ये फोरआर्म फुगवत बसू नकोस. स्नायू वाढतो पण त्याभोवतीचं आवरण ताणत नाही, मग सहाव्या लॅपला हात दगड होतो आणि ब्रेकचा लिव्हर बोटांना कळेनासा होतो. पाय आणि पोट बळकट असतील तर हाताला लटकावं लागत नाही. हेल्मेट जर त्या अपघातात आपटलं असेल तर ते कितीही महागाचं असू दे, आता ते फक्त शोकेसमध्ये ठेवायचं.

सहा लाखांचा तुझा हिशेबही मी पाहिला. त्यात एंट्री, टायर, इंजिन, टेम्पो, ट्रॅकजवळ श्रीपेरुंबुदूरचं राहणं सगळं आहे. पडझड नाही. एका सीझनमध्ये पडणारच नाही असं धरून चाललेला हिशेब हिशेब नसतो. आणि दवाखाना नाही. तुझी आरोग्य विम्याची पॉलिसी उघड आणि एक्सेल ०९ (Excl09) हे कलम शोध. व्यावसायिक म्हणून धोकादायक खेळात भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च त्यात वगळलेला असतो, आणि उदाहरणांत मोटर रेसिंग नावानिशी दिलेलं आहे. गाडीचा विमाही रेसला लागू होत नाही. आयोजकांचं अपघाती संरक्षण किती रकमेचं आहे ते दर वर्षी लेखी विचार. मागच्या वेळी मनगटाचे पैसे कुठून आले, हे तू लिहिलेलं नाहीस. बाबांच्या पीएफमधून आले असावेत असं मला वाटतं.

वयाचं स्पष्ट सांगतो. युरोपात मुलं पाच-सहाव्या वर्षी मिनीबाइकवर बसतात. ग्रांप्रीचा रस्ता तुझ्यासाठी आता उघडा नाही, आणि असं सांगणारा माणूस तुझा शत्रू नाही. देशातलं रेसिंग वेगळं आहे. रजनी कृष्णन, जगन कुमार तिशी ओलांडल्यावरही राष्ट्रीय विजेतेपदासाठी झुंजत होते. रॅलीत तर अनुभवाला जास्त किंमत. सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार ही वाळवंटातली खडतर रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, हरिथ नोआ २०२१ च्या डकारमध्ये विसावा होता आणि २०२४ ला अकरावा, शिवाय रॅली-टू वर्गात पहिला. संतोष २०२१ च्या डकारमध्ये पडून कोमात होता हेही त्याच यादीत धर. आणि गाडी चालवून पोट भरण्याच्या जागा फक्त ग्रिडवर नाहीत. चाकण, होसूरला कंपन्यांना टेस्ट रायडर लागतात, इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, ट्रॅक स्कूलना शिकवणारे लागतात. गाडी काय करते आहे हे शब्दांत सांगता येणारा रायडर, तोही डिप्लोमावाला, तिथे हवाच असतो. आजपासून प्रत्येक सेशनची वही लिहायला लाग.

राहिली आई. तू लिहिलंस की ती पाटल्या द्यायला तयार आहे, फक्त तुला पुन्हा पडायचं नाही असं वचन मागते. ते वचन तू देऊ शकत नाहीस. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर रेसमध्ये १३ वर्षांचा मुलगा गेला. मार्शल होते, डॉक्टर होते, तरी गेला. आईला हे माहीत असू दे, आणि मग ती काय म्हणते ते ऐक. खोट्या वचनावर घेतलेल्या पाटल्या तुला सी-वनला आठवतील, माझ्या पतपेढीसारख्या.

रविवारी भायखळ्याला उतरून माझगावला ये, गॅरेज दुपारी मोकळं असतं. एक्स-रे आणि सीटीच्या फिल्म तारखेप्रमाणे लावून आण, ग्लव्हज आण, लॅप टाइमचे कागद आण. बेंचवर एक जुनं हँडल बसवलेलं आहे, त्यावर तुझं मनगट कुठल्या कोनात दुखतं ते बघू. आणि आईला विचारून बघ, येते का. पैशांचं तिच्यासमोरच बोलू.